डोक्याला मार लागलाय: घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?

ओंजळ

पावसाळा आला की शेवाळलेली अंगणं, ओल्या फरश्या, घसरणाऱ्या दुचाक्या आणि पाठोपाठ दहीहंडी. डोकं आपटायचे प्रसंग या दिवसांत वाढतात. अशा वेळी घराघरांत दोन टोकं दिसतात. एक, "टेंगूळ बाहेर आलंय ना, मग आत काही नाही. बर्फ लाव आणि झोप." दुसरं, पोर सोफ्यावरून पडलं, लगेच रडलं, पाच मिनिटांत खेळायला लागलं, तरी थेट सीटी स्कॅनचा हट्ट.

रात्रीचे अकरा वाजलेत, डॉक्टर समोर नाहीत, तेव्हा घरातल्या माणसाने कशावरून ठरवायचं? एखादी उलटी झाली तर? झोपू द्यायचं का? किती तास लक्ष ठेवायचं? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वेगळं काय? जाणकारांनी लिहावं. किस्से नकोत, नेमकी माहिती हवी.

शुश्रूषा

आधी विचार करत बसायचंच नाही असे प्रसंग सांगते. माणूस शुद्धीवर येत नाही, हाक मारली तर नीट डोळे उघडत नाही, फिट आली, बोलणं अडखळतंय किंवा असंबद्ध आहे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलाय, कानातून रक्त येतंय, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळतंय, कवटीला खड्डा पडल्यासारखा वाटतोय. सरळ १०८ लावा. नाही लागला तर ११२.

पुढचे प्रसंग असे, की माणूस शुद्धीत आहे, पण दवाखान्यात आजच, आत्ताच जायचं. पडल्यावर काही सेकंद का होईना, शुद्ध हरपली होती. पडण्याच्या आधीचं किंवा नंतरचं आठवत नाही. उलट्या पुन्हा पुन्हा होताहेत. डोकेदुखी पॅरासिटामॉल घेऊनही वाढतच चालली आहे. एकाचे दोन दिसताहेत. तोल जातोय. स्वभावाला न शोभणारी चिडचिड किंवा गुंगी आहे.

टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आत काही नाही, हे डोक्यातून काढून टाका. टेंगूळ म्हणजे कातडीखाली साचलेलं रक्त. कवटीच्या आत काय चाललंय याच्याशी त्याच्या आकाराचं काही देणंघेणं नाही. मोठं टेंगूळ आणि आत सगळं ठीक, असं होतं. बाहेर खरचटलंसुद्धा नाही आणि आत रक्तस्राव, असंही होतं.

मज्जारज्जू

शुश्रूषाताईंनी "वाढत चालली आहे" असं लिहिलंय. सगळी गोम त्या शब्दांत आहे. लक्षण किती मोठं आहे यापेक्षा ते कुठल्या दिशेने चाललंय हे बघायचं. असं का, ते समजून घेतलं तर यादी पाठ करावी लागत नाही.

मोठ्या माणसाची कवटी हा बंद डबा आहे. आत साधारण १३०० ते १४०० ग्रॅम मेंदू, दीडशे मिलिलिटरच्या आसपास मेंदूजल (मेंदूभोवतीचं पाण्यासारखं द्रव) आणि थोडं रक्त. आत रक्त साचायला लागलं की आधी मेंदूजल आणि शिरांमधलं रक्त बाजूला सरकून जागा करून देतात. तेवढ्या वेळात दाब फारसा वाढत नाही आणि माणूस बोलतो, चालतो, चहा पितो. ती जागा संपली की थोड्याशा रक्तानेही दाब झपाट्याने चढतो. म्हणून "मघापर्यंत तर चांगला होता" हे वाक्य अपघात विभागात इतक्यांदा ऐकू येतं.

कानशिलाचं हाड कवटीत सर्वांत पातळ हाडांपैकी, आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. धमनीचं रक्त जोरात येतं, त्यामुळे काही मिनिटांत ते काही तासांत चित्र पालटतं. वेळेत कवटी उघडून रक्त काढलं तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. वाया गेलेला वेळ मात्र भरून काढता येत नाही. कानशिलावर मार असेल तर माझ्या मते बाकी काही लक्षण नसलं तरी तपासून घ्यावं.

सिलीपॉइंट

याचं सर्वांना आठवणारं उदाहरण म्हणजे भारताचा क्रिकेटपटू रमण लांबा. फेब्रुवारी १९९८, ढाका, क्लब क्रिकेट. फॉरवर्ड शॉर्टलेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभा होता, षटकाचे तीनच चेंडू उरले होते. फटका डोक्यावर बसला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. मग प्रकृती ढासळली, शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्या दिवशी तो गेला. वय ३८.

१ ऑगस्ट २०१९ पासून आयसीसीने (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने) डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू द्यायची मुभा दिली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला, तो कसोटीतला पहिला असा बदल. आदल्या दिवशी स्मिथ चेंडू लागून बाहेर गेला होता आणि त्याच डावात परत खेळायलाही आला होता. त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवला.

गल्लीतल्या, शाळेतल्या मैदानांवर हा नियम कोणी पाळत नाही. डोक्याला चेंडू लागलेलं पोर त्याच दिवशी परत खेळायला उतरता कामा नये, कितीही "बरा आहे मी" म्हणालं तरी.

चाफेकळी

वाचनखूण साठवली.

गावकुस

झोपेचं कोणीतरी लिहा. जुनी माणसं सांगतात की रात्रभर जागं ठेवा. आमच्याकडे अजून तसंच करतात.

शुश्रूषा

गावकुसदादा, त्या सल्ल्यामागे भीती खरी आहे, उपाय चुकला आहे. झोपल्यामुळे मेंदूत रक्त साचत नाही. झोपेत बिघाड झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही, ही खरी अडचण. वरची धोक्याची लक्षणं नसतील, माणूस नेहमीसारखा बोलतोय, तर नेहमीच्या वेळी झोपू द्या. रात्रभर जागवलं तर सकाळी डोकं दुखणारच, चिडचिड होणारच. मग ते जागरणाचं की माराचं, हे डॉक्टरांनाही कळेनासं होतं.

डॉक्टरांनी "रात्री उठवून बघा" असं सांगितलं असेल तर त्यांनी सांगितलेल्या अंतराने उठवा, नुसतं हलवून "बरं वाटतंय ना?" विचारू नका. गुंगीतला माणूसही त्याला "हं" म्हणतो. ज्याला "हो-नाही" असं उत्तर देताच येणार नाही, असं विचारा. आज जेवायला काय होतं? आपण आत्ता कुठे आहोत? कशावरून पडलास? लहान मुलाच्या अंगावरचं पांघरूण ओढा. ते कुरकुरलं, पांघरूण परत ओढून घेतलं, कूस बदलली, तर ठीक.

दुपारी तीन वाजता, झोपेची वेळ नसताना, पेंग अनावर होत असेल तर ती झोप नव्हे. तेव्हा थांबू नका.

टिपणवही

मी मोबाइलच्या टॉर्चने बाहुल्या बघाव्यात असं वाचलंय. दोन्ही सारख्या असल्या तर निश्चिंत राहायचं का?

मज्जारज्जू

नाही. हा मुद्दा फार महत्त्वाचा. एक बाहुली मोठी होणं हे उशिराचं लक्षण आहे. मेंदू सरकून डोळ्याच्या मज्जातंतूवर दाबला गेला की ते दिसतं, आणि तोवर माणूस बहुधा गुंगीत गेलेला असतो. बाहुल्या वेगळ्या दिसल्या तर पळा. सारख्या दिसल्या म्हणून थांबू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांच्या बाहुल्या एरवीही लहानमोठ्या असू शकतात, त्यामुळे ज्येष्ठांमध्ये गोंधळ आणखी वाढतो.

घरी बघायचं तर शुद्धीची पातळी बघा. चार पायऱ्या लक्षात ठेवा: पूर्ण जागा, हाकेला ओ देतो, चिमटा काढल्यावरच हलतो, कशालाच दाद देत नाही. पहिल्या पायरीवरून खाली घसरला की वाहन काढायचं. दवाखान्यात हेच अधिक बारकाईने मोजतात. डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, एकूण १५ पैकी गुण. ही मोजपट्टी १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी मांडली, म्हणून तिला ग्लासगो कोमा स्केल म्हणतात. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. पण अपघात होऊन दोन तास उलटल्यावर १५ पैकी १४ असतील तरी आम्ही स्कॅन करतो. एक गुण कमी म्हणजे नुसतं "कोणता महिना आहे?" याला चुकीचं उत्तर.

बाळलेणं

मुलांबद्दल लिहिते, कारण ओंजळच्या सोफ्यावाल्या पोराला अजून कोणी हात लावलेला नाही.

पडलं, लगेच रडलं, दहा मिनिटांत शांत झालं, दूध प्यायलं, कपाळावर टेंगूळ आहे: बहुतेक वेळा घरी लक्ष ठेवणं पुरतं. कपाळाचं हाड जाड असतं. तेच टेंगूळ डोक्याच्या बाजूला किंवा मागे असेल, दाबल्यावर पिळपिळीत लागत असेल आणि मूल दोन वर्षांखालचं असेल, तर दाखवाच. आत हाडाला तडा असण्याची शक्यता वाढते. दोन वर्षांखालच्या मुलासाठी तीन फुटांवरून पडणं आणि त्याहून मोठ्या मुलासाठी पाच फुटांवरून पडणं हे जोराचं पडणं धरतात. पलंग साधारण दीड-दोन फूट असतो. ओटा आणि कडेवरची उंची मात्र तीन फुटांच्या आसपास किंवा वर जाते. एक वर्षाखालच्या बाळासाठी उंबरठा आणखी खाली ठेवा, कारण ते काही सांगू शकत नाही.

तान्ह्या बाळाची टाळू बघा. शांत असताना, उभं धरलेलं असताना ती फुगलेली आणि टणक लागली तर लगेच जा. रडताना टाळू फुगतेच, तेव्हा बघण्यात अर्थ नाही. काही केल्या न थांबणारं रडणं, दूध न ओढणं, आईकडे नीट न बघणं हीसुद्धा लक्षणं आहेत. "आमचं बाळ वेगळं वागतंय" हे आईचं म्हणणं डॉक्टर लक्षण म्हणूनच धरतात. संकोच न करता तसं सांगा.

उलटीचं: मुलं नुसत्या रडण्यानेही एकदा ओकतात. एक उलटी आणि नंतर मूल खेळतंय, तर घाबरू नका. तीन किंवा जास्त झाल्या तर नक्की जा. मोठ्या माणसाला दोन पुरे.

ठाम

बाळलेणं, हे पटत नाही. तिसऱ्या उलटीची वाट कशाला बघायची? पहिल्याच उलटीला स्कॅन करून मोकळं व्हावं. पैशांपेक्षा जीव मोठा.

बाळलेणं

पैशांचा प्रश्नच नाही, ठाम. सीटी म्हणजे क्ष-किरणच, आणि लहान मुलांच्या पेशींना त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त. एका स्कॅनने आभाळ कोसळत नाही, गरज असेल तेव्हा एका मिनिटाचाही विचार करू नये. पण गरज नसताना कशाला? शिवाय खूप लवकर काढलेल्या स्कॅनमध्ये हळूहळू साचणारं रक्त दिसतही नाही, आणि घरच्यांना खोटा दिलासा मिळतो. म्हणून लक्षण एखादंच आणि सौम्य असेल तर डॉक्टर मुलाला चारेक तास समोर ठेवून बघतात. त्याला टाळाटाळ समजू नका, तीही तपासणीच आहे.

हां, पहिल्या उलटीला डॉक्टरांकडे *नेऊन दाखवायला* कोणाचीच हरकत नाही. स्कॅन करायचा का, ते त्यांना ठरवू द्या.

ठाम

हे पटलं. नेणं आणि स्कॅन करणं या दोन गोष्टी मी एकच धरत होतो.

डोंगरवाट

एक भर. "लक्ष ठेवा" हा सल्ला दवाखाना अर्ध्या तासावर असेल तेव्हाचा. गडावर, घाटात, वाडीवर असाल आणि सीटीची सोय चार तासांवर असेल, तर लक्षणं वाढायची वाट बघू नका. पूर्ण जागा असतानाच, उजेड असतानाच निघा. अंधारात गुंगीतल्या माणसाला कातळकड्यावरून उतरवणं म्हणजे दोन-चार जणांचा जीव धोक्यात.

डोक्याबरोबर मानही दुखावलेली असू शकते. मान दुखतेय, हातापायांना मुंग्या येताहेत, किंवा बेशुद्ध आहे, तर बसवू-उठवू नका. उलटी आली तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून सगळ्यांनी मिळून कुशीवर वळवा. एकाने फक्त डोकं दोन्ही हातांनी धरायचं आणि वळवायचा इशारा त्यानेच द्यायचा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जातं.

शुश्रूषा

त्याला जोडून: फिट आली तर कांदा, चप्पल, चमचा, काहीही नको. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हटवा, घड्याळ बघा. नाकाकानातून पाणी येत असेल तर बोळे कोंबू नका, नाक शिंकरू देऊ नका, स्वच्छ कापड नुसतं खाली धरा. डोकं पुढे वाकवल्यावर नाकातून स्वच्छ थेंब टपकतात, घशात खारट लागतं, ते मेंदूजल असू शकतं. कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं पडणं हेही कवटीच्या तळाला तडा गेल्याचं चिन्ह. ते बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उमटतं.

डोक्याच्या कातडीतून रक्त फार येतं, घाबरून जाऊ नका. स्वच्छ कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. खड्डा लागत असेल तर मात्र त्यावर दाबू नका, नुसतं झाका. हळद, चहापूड, कॉफी काही भरू नका. टाके घालायच्या आधी ते खरवडून काढावं लागतं.

रामफळ

अवांतर: हे सगळं होऊ नये म्हणून हेल्मेटचा पट्टा लावा! नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पहिल्या आपटीआधीच उडतं. आयएस ४१५१ लिहिलेलं, आयएसआय छाप असलेलंच घ्या. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की संपला, अपघात सोसलेलं हेल्मेट परत वापरू नये. आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्यांना तर गतिरोधकावर धरायलाही काही नसतं. त्या मागच्या मागे पडतात आणि डोक्याचा मागचा भाग थेट रस्त्यावर. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं.

पायवाट

रस्त्यावर पडलेल्याला मदत करायला लोक पोलिसांच्या भीतीने पुढे येत नाहीत, म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम आलंय. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखाना त्याला अडकवून ठेवू शकत नाही. "आधी पोलीस केस, मग उपचार" हेही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते १९८९ सालीच स्पष्ट केलंय.

फक्त एक करा. हेल्मेट घट्ट बसलेलं असेल आणि श्वास नीट चालू असेल तर ते ओढून काढू नका.

गावकुस

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं तर चालेल का?

मज्जारज्जू

रक्त थांबवायला, श्वासाची वाट मोकळी ठेवायला, सलाईन लावायला जरूर. पण टाके घालून, क्ष-किरण फोटो काढून "हाड ठीक आहे" म्हणत घरी पाठवलं तर समाधान मानू नका. फोटोत हाड दिसतं, रक्त दिसत नाही. वरची लक्षणं असतील तर जिथे सीटी चालू आहे आणि मेंदूचा शल्यविशारद येऊ शकतो तिथे थेट जा. निघायच्या आधी फोन करून दोन्ही विचारा. एमआरआयच्या मागे लागू नका, पहिल्या तासांत सीटीच कामाचं आणि मिनिटांत होतं.

आणि कृपा करून, दारूचा वास येतोय म्हणून "प्यायलाय, झोपला की उतरेल" असं ठरवू नका. दारू आणि रक्तस्राव दोन्हीची गुंगी सारखीच दिसते, आणि नियमित पिणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका जास्तच. मधुमेही पडला असेल तर बोटातलं रक्त घेऊन साखर बघा. ७० च्या खाली असेल तर कदाचित साखर उतरली म्हणूनच पडला असेल. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखर द्या, पण त्याने डोक्याची तपासणी टळत नाही.

औषधालय

गोळ्यांबद्दल. दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दोन मात्रांत सहा तासांचं अंतर. मुलांना वजनावर, किलोमागे १५ मिलिग्रॅम. डिस्प्रिन नको, त्यात ॲस्पिरिन आहे. कॉम्बिफ्लाम नको, त्यात आयबुप्रोफेन आहे. दोन्हींमुळे रक्त गोठायला उशीर होतो. झोपेची गोळी आणि दारू तर अजिबात नको. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं.

ओंजळ यांचा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न राहिलाच होता. वॉरफेरिन, ॲसिट्रोम, अपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांपैकी काही चालू असेल, तर डोकं आपटल्यावर लक्षण नसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं. इकोस्प्रिन-क्लोपिडोग्रेल जोडीलाही तोच नियम लावा. पाकिटं सोबत न्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा, उतारा त्यावर ठरतो. मनाने गोळ्या बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्याला ते महागात पडेल.

कृष्णाकाठ

स्कॅन नॉर्मल आला, घरी सोडलं, तरी आठवडाभर डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, विसरायला होतंय. हे काय?

मज्जारज्जू

मेंदूला बसलेला हादरा. तो स्कॅनमध्ये दिसत नाही. मोठ्यांत बहुधा दोन आठवड्यांत आणि मुलांत चारेक आठवड्यांत ओसरतो. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी, मग हळूहळू चालणं, शाळा, काम. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका, त्याने बरं व्हायला उलट उशीर लागतो. डोकं पूर्ण थाऱ्यावर येईपर्यंत गाडी चालवायची नाही, खेळायचं नाही. रोज थोडं थोडं कमी होत असेल तर ठीक. कमी होऊन परत वाढलं तर स्कॅन नॉर्मल असला तरी पुन्हा दाखवा.

ओंजळ

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक विचारते. रात्री लक्ष ठेवणाऱ्याने कागदावर काय काय लिहून ठेवावं? आणि हे लक्ष नेमकं कधी थांबवायचं?

शुश्रूषा

किती वाजता पडले, किती उंचीवरून, कशावर आपटलं, डोक्याचा कुठला भाग. शुद्ध हरपली का, किती वेळ. प्रत्येक उलटीची वेळ. कुठली गोळी किती वाजता दिली. शेवटचं खाणं-पिणं किती वाजता, कारण भूल द्यायची वेळ आली तर तो पहिला प्रश्न असतो. पहिले २४ तास माणूस एकटा राहता कामा नये, ४८ तास घरात कोणाचं तरी लक्ष हवं.

मज्जारज्जू

तरण्यांसाठी ४८ तास. साठी-पासष्टीच्या पुढे मात्र मेंदू थोडा आकसलेला असतो, त्याच्यावरच्या शिरा ताणलेल्या असतात आणि किरकोळ आपटीनेही फाटतात. रक्त थेंबाथेंबाने साचतं आणि आकसल्यामुळे जागाही भरपूर असते. त्यामुळे त्रास दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी दिसतो: पाय घासत चालणं, शब्द न आठवणं, दिवसा झोपणं, कपड्यात लघवी होणं. घरचे म्हणतात, वय झालं. तोवर न्हाणीघरातली ती घसरण सगळे विसरलेले असतात. हे रक्त बऱ्याचदा कवटीला लहान छिद्रं पाडून काढता येतं, आणि आजी परत चालायला लागतात.

म्हणून आजी-आजोबा पडले की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती गोल करा, आणि महिना उलटला की ती खूण पुढच्या पानावरही उतरवा.